पप्पा घरी आल्याशिवाय शेवट नाही

माझ्या आईला कुणी विचारलं की मीनाबाई, तुमचा आवडीचा विषय काय, तर ती पटकन सांगते, "मंगळ." विचारणाऱ्या बाईला लगेच आईची कीव येते. बिचारीच्या मुलीच्या पत्रिकेत असेल! मग आई तिला सुनावते, "आमच्यात पत्रिका न्हाय बगत. ग्रह म्हंते मी. वर हाय की, त्यो लाल." ती मुलगी म्हणजे मी, बुद्धप्रिया. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि असल्या वेळी कुठं तोंड लपवू असं होतं मला.

आईनं सारी हयात सोलापुरात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक केला. डाळ शिजेपर्यंत तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचं आणि वाचायचं, ही तिची रीत. तेही काय, तर परग्रह, अंतराळयानं, जादूची राज्यं, बोलणारी झाडं. नात्यातल्या बायका म्हणायच्या, मीनाला कुणीतरी काहीतरी खायला घातलंय. तिला खायला घातलं होतं ते शेंगदाण्याच्या पुडीनं. किराणा दुकानातून पुडी आली, त्या कागदावर एका गोष्टीचा तुकडा होता. एक गाव असतं, तिथं माणसांच्या आधी त्यांच्या सावल्या घरी येतात. एक पोरगी दारात बसलेली असते. बापाची सावली येते, उंबऱ्यावर टेकते, आणि पुढं कागद फाटलेला. आई दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेली आणि सगळी रद्दी उपसून बसली. दुकानदार वैतागला, पण पुढचा कागद काही सापडला नाही. त्या पोरीचा बाप आला की नाही, हे आईला आजतागायत कळलेलं नाही, आणि ती अजून ते विसरलेली नाही.

तेव्हापासून ती नवी पेठेजवळच्या एका वाचनालयाची सभासद आहे. वाचते म्हणजे नुसती मान डोलवत वाचत नाही हं. भांडते. "राजाच्या पोटी जल्मला म्हणून पोराच्या हातात जादू आली! मग गवळ्याच्या पोरीनं काय घोडं मारलं हुतं?" जन्मानं मिळालेली जादू तिला मुळीच चालत नाही. तसलं पुस्तक ती अर्ध्यात परत करते. यानांच्या गोष्टींवर तिचा वेगळा राग. "पाचशे वर्सांनंतरचं यान, अन् आडनावं बग सगळी. येक तरी कांबळे चढलाय का त्यात? अन् यानातला संडास कोण धुतंय, ते लिवलंय कुटं?" मी म्हणायचे, आई, मशीन असेल की. ती म्हणायची, "मग मशीनचं आडनाव सांग." कपाळ माझं! पण खरं सांगू, पुढं मी शिक्षिका झाले ते ह्या भांडणांमुळंच. गोष्ट कुठली का असेना, तिला प्रश्न विचारायचा असतो हे मला आईनंच शिकवलं.

तिच्या सगळ्यात आवडत्या गोष्टी कोणत्या, तर ज्यात जग उफराटं असतं पण माणसं भांडी घासतात, वाट बघतात, पाणी भरतात त्या. वाट बघण्याची गोष्ट तिला लई कळते, कारण माझे पप्पा एसटीचे ड्रायव्हर. नाव ईश्वर. घरात देवाचा फोटो नाही, पण ईश्वर जेवायला असतो, असा विनोद आमच्याकडं प्रत्येक पाहुणा करतो आणि आपणच पहिल्यांदा केला असं समजून हसतो.

मी लहान असताना एका दुपारी बातमी आली, मोडनिंबजवळ पप्पांच्या गाडीला ट्रक घासला. कुणाला किती लागलं काही कळेना. बातमी आली तेव्हा आईच्या हातात पुस्तक होतं, एकच पान राहिलेलं. तिनं ते तसंच पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पप्पा हाताला पट्टी बांधून दारात उभे राहिले. आईनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि मग ते पुस्तक हातात देऊन म्हणाली, "वाचा शेवट." तिला स्वतःला वाचवेना. पप्पांनी गाडीची पाटी वाचावी तसं एकेक अक्षर जोडत ते पान मोठ्यानं वाचलं.

झालं, तेव्हापासून रीतच पडली. पप्पा ड्युटीवर असले की आई शेवटच्या पानाआधी थांबणार. पप्पा घरी येणार, हातपाय धुणार, चहा घेणार, आणि शेवटचं पान वाचून दाखवणार. मी मोठी झाले, शिकले, मग माझं डोकं तडकायला लागलं. "आई, अगं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं. हा नवसच झाला की!"

"नवस देवाला बोलत्यात. मी कुणाला काय बोल्ले? नुसतं पान वाचलं न्हाय."

"न वाचल्यानं गाडीचा ब्रेक लागतो का?"

"वाचल्यानं तरी लागतोय का? मग न्हाय वाचत मी."

पप्पा मध्ये पडायचे नाहीत. नुसते हसायचे आणि म्हणायचे, "हिच्या सगळ्या गोष्टी मेल्या सारक्याच. शेवटाला कोण ना कोण आबाळाकडं बगतंय." आणि चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

पप्पा निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता माणूस घरात, आई बसली शेवट वाचत. पण कुठलं काय! ह्या वर्षी उन्हाळ्यात पप्पांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, लवकर. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दवाखान्यात नेण्याची पिशवी भरताना आईनं त्यात दोन साड्या टाकल्या, स्टीलचा तांब्या टाकला, आणि वर एक पुस्तक. मी बघितलं आणि पिशवीची चेन लावली. 

पुस्तक मंगळावरचं होतं. तिथं माणसांची एक वस्ती असते आणि वस्तीत पाणी संपत आलेलं असतं. बर्फ आणायला एक चालक मोठी गाडी घेऊन वाळवंटात जातो आणि त्याचा आवाज यायचा बंद होतो. वस्तीतली माणसं पाणी पुरवून पुरवून वापरतात, पाचव्या दिवशी पाणी सोडतात. आई म्हणाली होती, "ह्यात काय नवल? लेखकानं सोलापुरात यायचं हुतं, इतकं लांब कशाला गेला?"

सकाळी पप्पांना आत न्यायच्या आधी दवाखान्याचे हिरवे कपडे घालायला दिले. त्यांनी आपला पांढरा शर्ट काढला, नीट घडी घातली आणि आईच्या हातात देत म्हणाले, "ह्यो शर्ट जपून ठेव. धुवायबिवायला टाकू नको." आईला रागच आला. "छाती उघडणार हायत तुमची, अन् शर्टाची पडलीय तुमाला!"  त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो गार पडला होता. मग स्ट्रेचर आत गेलं आणि दार बंद झालं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर लोक येत होते, जात होते, कुणी डबे उघडत होतं, कुणी फोनवर कानडीत रडत होतं.  दार वाजलं की मी उठून उभी राहायचे. आई मात्र वाचत होती, भराभर, ओठ हलवत. मला तिचा राग आला, मग तिची कीव आली, मग पुन्हा राग आला. इतक्यात तिनं पान उलटलं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

"प्रिया, शेवट न्हाय."

"काय नाही?"

"पान न्हाय गं शेवटाचं. निघालंय."

मी पुस्तक हातात घेतलं. खरंच, शेवटच्या पानाच्या जागी वाळलेल्या डिंकाची एक रेघ होती, बस. मी म्हणाले, "बरंच झालं की. नाहीतरी तू वाचणार नव्हतीस."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझी जीभ चावावीशी वाटली. "न वाचणं येगळं, प्रिया. नसणं येगळं. आता हे आले तर वाचणार काय?" आणि मग हळूच म्हणाली, "त्या पोरीच्या बापाचं बी असंच झालं. कागदच फाटला."

त्यानंतर ती बोलेना. चहा आणला, घेईना. पाणीही घेईना. भिंतीकडं बघत बसली. एरवी दिवसभर बडबडणारी बाई अशी गप्प झाली की काय करायचं माणसानं? मी तिला हलवलं, रागावले, "आई, कागद आहे तो कागद!" असं ओरडले, तेव्हा आजूबाजूचे लोक बघायला लागले. शेवटी मी पुस्तक उचललं आणि उठले. दवाखान्यात थांबून मी काय दिवे लावणार होते? डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल. मी रिक्षा केली आणि नवी पेठ गाठली. सगळ्या वाटेवर मी पानं फाडणाऱ्या वाचकांना शिव्या देत होते, कुणाच्या सात पिढ्या सोडल्या नाहीत.

वाचनालयात बसवराजकाका होते. अक्कलकोटचे. आई सभासद झाली तेव्हापासून तेच त्या टेबलाशी. मी पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं. "काका, ही काय पद्धत आहे का पुस्तकं सांभाळायची? शेवटचं पान कुणीतरी पळवलंय!"

काकांनी चष्मा वर केला, पुस्तक उघडलं, डिंकाच्या रेघेवरून बोट फिरवलं. "शक्य नाही बाळ. हे पान सुटलेलं होतं, मीच चिकटवलं, तुझ्या आईला देताना. मीनाताईंना शेवटचं पान लागतं, हे मला माहीत नाही होय? माझ्या हातानं डिंक लावला आणि मग दिलं." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "गेलं असेल तर तुमच्या घरातच गेलंय."

 घरात कोण फाडणार? आई तर पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी भांडते. मी विचारलं, "दुसरी प्रत आहे?"

"छे. जुनं पुस्तक. ही एकच." मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "पण मी वाचलंय की गं ते! शेवट मला पाठ आहे. सांगतो ना, काय होतं, तो चालक..."

"नको!"

मी इतक्या जोरात ओरडले की पेपर वाचणारे दोघं-तिघं वळून बघायला लागले. काका हात वर करून थांबले. मी टेबल घट्ट धरलं. सांगू नका, मी म्हणाले, सांगू नका, पप्पा अजून आत आहेत. मी, जी दर वर्षी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते ती!

काका हसले नाहीत. त्यांनी पुस्तक परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जा. आईपाशी बस जा."

परत आले तर आई बाकावर नव्हती, दारापाशी उभी होती. एक तरुण डॉक्टर बाहेर आली होती, अंगावर तोच हिरवा वेश, तोंडावरचा मास्क खाली ओढलेला. मला बघताच तिनं विचारलं, "पेशंटची रक्त पातळ होण्याची गोळी नक्की कधी थांबवली होती? रक्त थांबायला वेळ लागतोय."

 गोळ्या पप्पा स्वतःच्या स्वतः घ्यायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सांगितलेल्या दिवशी थांबवली का, की विसरून घेतच राहिले? "गोळ्यांचं पाकीट असेल बघा त्यांचं कुठं," ती म्हणाली. पाकीट शर्टाच्या खिशात असतं हे आठवलं. मी आईच्या हातातली पिशवी ओढली, शर्ट काढला, खिशात हात घातला. गोळ्यांचं पाकीट निघालं. डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, उरलेल्या गोळ्या बघितल्या. थांबवलेल्या दिवसानंतरच्या सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या. "बरं, म्हणजे वेळेवर बंद केलीय," ती म्हणाली, "आम्ही रक्त चढवतोय, बघू," आणि आत गेली. बघू! हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्यासारखं वाईट काही नसतं.

पाकिटाबरोबर खिशातून आणखी एक कागद आला होता, चार घड्यांचा. मी तो बिलाचा समजून उलगडायला लागले आणि कडेला वाळलेला डिंक दिसला. मी लगेच मान फिरवली. एक अक्षरसुद्धा डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी, विज्ञानाची शिक्षिका, भिंतीकडं तोंड करून तो कागद आईपुढं धरला.

आईनं तो घेतला. ती बराच वेळ नुसती बघत राहिली, अक्षरांकडं नाही, घड्यांकडं. मग खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "ह्यांनीच काडून घेतलं गं. शर्ट जप म्हणाले ते ह्याच्यासाठनं." मग डोळे पुसत म्हणाली, "भ्याले हुते गं हे. इतकी वर्सं घाटातनं गाड्या काडल्या, कदी म्हणाले न्हाईत. भ्याले हुते, अन् मला सांगितलं न्हाय."

मलाही रडू आलं. आईच्या ह्या खुळाला हसणारा माणूस आदल्या दिवशी, आम्ही साड्यांच्या घड्या घालत असताना, चिकटवलेलं पान हळूच सोडवून खिशात घालून बसला होता. शेवट आपल्याकडं ठेवला, म्हणजे परत यावंच लागेल. आम्हाला न सांगता त्यानं स्वतःपुरती एवढी सोय केली होती. आईनं कागद न वाचता पुन्हा चार घड्या घातल्या, त्याच घड्यांवर, आणि त्याच खिशात ठेवला. मग म्हणाली, "चहा आण जा." आणि तो गार होईपर्यंत हातात धरून बसली.

रक्त थांबलं. संध्याकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, शस्त्रक्रिया झाली, पण अजून काही सांगता येणार नाही, पहिले दिवस नाजूक असतात. रात्र कशी गेली ते विचारू नका. दुसऱ्या दिवशीही नळ्या घशात होत्या, पप्पांनी नुसते डोळे उघडले आणि मिटले. आई काचेबाहेर शर्ट मांडीवर घेऊन बसलेली. कुणी काही खाल्लं का विचारलं की म्हणायची, "हे बोलू देत मग."

त्याच्या पुढच्या दिवशी नळी काढली. पाच मिनिटं भेटा, जास्त बोलू देऊ नका, असं सिस्टर सुकन्यानं बजावलं. नियम एकाचाच होता, पण आईचं तोंड बघून तिनं मलाही सोडलं. पप्पा इतके लहान दिसत होते त्या पलंगावर. छातीवर पट्टी, ओठ सुकलेले. मशीनचा आवाज जरा बदलला की मी वळून बघायचे. आईनं शर्टाच्या खिशातून तो कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या हातानं चष्मा पुढं केला.

"वाचा," ती म्हणाली. एवढंच. 

पप्पांनी कागदाकडं बघितलं, मग आमच्या दोघींकडं. चोरी सापडलेल्या पोरासारखं थोडं हसले. हसताना छातीत दुखलं असणार, तोंड वाकडं झालं. कागद उलगडला नाही. मोठ्या कष्टानं उशीखाली सरकवला.

"अवो वाचा की!" आई म्हणाली. "जीव जायची येळ आली माजा."

"ऱ्हाऊ दे," पप्पांचा आवाज घोगरा, ओळखू येईना. "अगं, तुज्या समद्या गोष्टींचे शेवट म्हाईत हायत मला. सुरवात येकीची बी म्हाईत न्हाय." श्वास घ्यायला ते थांबले. "ड्युटीवरनं यायचं, शेवट वाचायचा, निजायचं. पयल्यापासनं कदी सांगितलंसच न्हाय तू. आता मला कुटं जायचंय? सांग पयल्यापासनं."

 सगळ्या वसतिगृहाला, सगळ्या गल्लीला, भाजीवालीला गोष्टी सांगणारी बाई, आणि ज्याच्यासाठी इतकी वर्षं शेवट अडवून धरले त्याला तिनं एकही गोष्ट सांगितली नव्हती. तिनं स्टूल ओढलं. पदर सारखा केला. दोनदा घसा खाकरला.

"मंगळावर येक गाव असतंय," ती म्हणाली. "तितं पाचव्या दिवशी पाणी येतंय."

"मंग आपलंच की," पप्पा म्हणाले.

"गप ऐका. तितं येक ड्रायव्हर असतोय..."

सिस्टर सुकन्या दारात आली. "चला काकू, वेळ झाली."

पप्पांनी हात जरासा वर उचलला, स्टँडवर गाडी सोडायच्या आधी राहिलेल्या पाशिंजरासाठी कंडक्टरला थांबवावं तसा.

"थांबा वो सिस्टर," ते म्हणाले. "आत्ता कुटं सुरू झालंय."